निवडुंगाला म्हावऱ्याचं पाणी

या किनाऱ्यावर सगळं कुजतं. लग्न ठरलं तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नारळी-पोफळीची वाडी, समुद्र हाकेच्या अंतरावर, रोज ताजी मासळी, एवढंच सांगितलं होतं. पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटातल्या शालूवर काळे ठिपके पडतात आणि गादी कायम कुणीतरी नुकतंच रडून गेल्यासारखी ओलसर लागते, हे ज्याचं त्यानं शोधून काढायचं. शनिवारी-रविवारी मुंबईहून लोक येतात, किती हिरवंगार आहे म्हणतात, गाडीच्या काचा वर करतात आणि परत जातात. त्यांचं काय जातंय?

मी माणदेशातली. आमच्याकडे वस्तू वाळतात. शेंगा वाळतात, शेणी वाळतात, म्हातारी माणसंसुद्धा वाळत वाळत जातात, पण कुजत काही नाही. माझे वडील पाटकरी होते. म्हणजे पाटाला पाणी सुटलं की कुणाच्या वावराला किती वेळ द्यायचं ते बघणारा माणूस. पाट वर्षातला बराच काळ कोरडाच असे. त्यामुळे पाण्याबद्दल त्यांना फार आदर होता आणि पाणी सांडणाऱ्या माणसाबद्दल मुळीच नव्हता. त्यांनी गच्चीच्या कट्ट्यावर एका तेलाच्या डब्यात निवडुंग लावला होता. कुंपणाला असतो तो फड्या निवडुंग नव्हे. हा गोल, अंगावर उभ्या कडा आणि कडांवर काट्यांचे झुबके. उन्हाळ्यात त्याला लांब देठाचं पांढरं फूल यायचं. संध्याकाळी उमलायचं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकायचं. त्या सकाळचा चहा वडील फुलाशेजारी बसून घ्यायचे. एरवी त्यांनी त्या झाडाचे कसलेही लाड केले नाहीत. तहान लागली की तो आक्रसतो, मग द्यायचं. त्याआधी दिलं तर तो मरतो, असं ते मला सांगायचे.

वडील गेल्यावर भावानं रान सोलरवाल्यांना दिलं. जिथं आम्ही हुलगे काढायचो तिथं आता निळ्या काचा उन्हाकडे तोंड करून बसल्यात. घरही पाडलं. तुला काय हवं ते ने, असं भाऊ म्हणाला तोवर नेण्यासारखं सगळं भावजयीनं आत ओढलं होतं. मी निवडुंगाचा डबा उचलला. वडिलांच्याच जुन्या धोतरात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं आले. घाटातल्या प्रत्येक वळणावर तो मला टोचत होता. माहेरचं म्हणून माझ्यापाशी तेवढंच उरलं. म्हणून पुढे जे झालं त्यात मी वागले तशी वागले.

आमचं घर रेवदंड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत वाडीत. घर एकच, मधून भिंत घातलेली. अलीकडे आम्ही, पलीकडे माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे माझी मोठी जाऊ. पुढची अंगणं वेगळी झाली, मागचं राहिलं, कारण विहीर कापता येत नाही. मागच्या अंगणात एका कडेला पत्र्याच्या छपराखाली जावेची पाणी तापवायची चूल आहे, आणि तिच्या शेजारी राखेचा ढीग. चक्रीवादळात ते छप्पर उडून आमच्या विहिरीत पडलं होतं. तेव्हा ते आमच्या विहिरीत पडलं की तिच्या, यावरही आम्ही भांडलो होतो.

जावेच्या हाताला गुण आहे, असं सगळी आळी म्हणते. काठी खोचली तरी फुटते. त्यामागचं गुपित काही मोठं नाही. इथल्या बायका मासळी धुतलेलं पाणी मोरीत ओतत नाहीत, झाडांना घालतात. म्हावऱ्याचं पाणी. नारळाला, कढीपत्त्याला, जास्वंदीला, सगळ्यांना तेच. तिचा कढीपत्ता इतका माजलाय की त्याच्या सावलीत खाट टाकता येते. सकाळी झाडांना पाणी घातल्याशिवाय ती स्वतः तोंडात घास घालत नाही. हे सगळं चांगलंच आहे. लोकांनी मला ते अनेकदा ऐकवलंय.

निवडुंग मात्र तिला पहिल्या दिवसापासून खुपला. घरात काटेरी झाड लावलं की भांडणं लागतात, असं तिनं मला डबा खाली ठेवायच्या आत सांगितलं. मी म्हटलं, भांडणं याच्या आधीपासून आहेत, हा आत्ता आलाय. ते तिला झोंबलं. पण निवडुंग मागच्या पडवीत राहिला. मी त्याला मातीची कुंडी केली, विटांचे तुकडे आणि नदीची जाड वाळू घातली, कारण समुद्राच्या वाळूत मीठ असतं. हिवाळ्यात जवळजवळ पाणी बंद. दोन उन्हाळे त्याला फुलं आली. बुंध्याशी दोन पिल्लंही धरली, सुपारीएवढी.

मग माझ्या मुलीचं बाळंतपण आलं आणि भर मे महिन्यात मला पुण्याला जावं लागलं. नवरा घरीच होता, पण मागच्या अंगणात काय आहे असं त्याला विचारलं तर तो विहीर सांगेल आणि थांबेल. म्हणून जाताना मी जावेच्या दारात गेले. बॅग हातात होती. "वहिनी, निवडुंगाला पाणी घालू नका. मी येईपर्यंत एक थेंबसुद्धा नको," असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. ती मान हलवून बरं म्हणाली.

परत आले तेव्हा आषाढ लागला होता. रिक्षातून उतरले ती भिजतच थेट मागे गेले. निवडुंग गुबगुबीत दिसत होता, गडद हिरवा, कडा भरलेल्या. कुणाही दुसऱ्याला तो तब्येतीत वाटला असता. मी खाली वाकून बुंध्याला बोट लावलं आणि बोट आत गेलं. पिकून गळालेल्या पपईत जावं तसं. आतून तपकिरी पाणी आलं आणि असा वास सुटला की मी तोंडाला पदर लावला. कुंडी उलटी केली. ओली गच्च माती धपकन खाली आली. मुळं काळी, दोऱ्यासारखी, ओढली की साल हातात. आणि त्या मातीत जागोजागी काहीतरी चमकत होतं. बोटावर घेऊन बघितलं. माशाचे खवले होते.

डोक्यात रक्त चढणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तरी आधी मी सुरी घेतली. ती गॅसवर तापवली आणि कुजलेला बुंधा पिल्लांसकट कापून बाजूला केला. पिल्लंही खालून मऊ लागत होती, ती गेलीच असं मी धरलं. मग तो गळका तुकडा तसाच हातात घेऊन जावेच्या चुलीपाशी गेले. ती फुंकणीनं जाळ फुंकत होती.

मी विचारलं, रोज घालत होतात? ती म्हणाली, व्हय, रोज. मासळी असली की म्हावऱ्याचं, नसली की तांदळाचं धुवण.

"मी नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"नको तर सगळेच म्हणतात गो," ती म्हणाली. "पावणा पानावर बसून नको नकोच म्हणतो. म्हणून काय त्याला वाढायचं न्हाय? एवढ्या उन्हात बिचारा उभा होता. तुझं झाड म्हणून मी सगळ्यांच्या आधी त्याला घालायची."

तिनं मुद्दाम केलं असतं तर मला किती बरं झालं असतं. वैर असतं तर वैराला वैरानं उत्तर देता आलं असतं. इथं माझ्या बापाचं झाड हिनं मायेनं मारलं होतं, आणि वर मी तिचे उपकार मानायचे होते. या लोकांच्या मायेत हेच आहे. तुम्हाला काय हवंय हे विचारायचं नाही, त्यांच्याकडे जे भरपूर आहे ते तुमच्यावर ओतायचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला मासे जात नव्हते, तर याच बाईनं माझ्या वरणात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घातले होते, चव लागावी म्हणून.

मी तो बुंधा राखेच्या ढिगावर फेकला. "घ्या. हेही तुमचंच. करा याचं कालवण," असं म्हणाले. त्याहून वाईटही बोलले, ते इथं लिहीत नाही. ती फुंकणी खाली ठेवून म्हणाली, घरात काटे लावलेस, आता ते काटे बोलतायत. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

वरचा भाग माझ्याकडे उरला होता. कापलेल्या तोंडाकडे बघितलं तर मधोमध तपकिरी कडं. म्हणजे कूज वर चढलेली. सुरी पुसून पुन्हा तापवली आणि आणखी एक चकती काढली. कडं बारीक झालं, गेलं नाही. आणखी एक. कोबी चिरावा तसा मी माझ्या बापाचा निवडुंग चिरत बसले होते. शेवटी पांढरट हिरवा, स्वच्छ गर लागला तेव्हा हातात लिंबापेक्षा थोडा मोठा शेंडा राहिला होता. त्याच्या तोंडाला हळद लावली. आता एकच काम होतं, ते तोंड वाळून त्यावर कडक खपली धरायला हवी होती. खपली धरली की मुळं फुटतात.

माणदेशात ही खपली मी नुसती खिडकीत ठेवून दोन-चार दिवसांत धरवली असती. इथं आषाढात भिंतीला पाणी सुटलेलं होतं. मी शेंड्याला बशीत बसवून टेबलफॅन लावला. नवरा म्हणाला, मला ताप आला तेव्हा एवढा वारा घातला नव्हतास. मी म्हटलं, तू कुजत नव्हतास. पण इथं वादळी वारा यायचा असला की आधी लाईट जाते आणि मग वारा येतो. त्या वेळी तर कुठंतरी तारेवर झाड पडलं आणि लाईट दिवसचे दिवस गेली. मग मी बशी तांदळाच्या डब्यात ठेवली, मग गॅसच्या शेगडीशेजारी, मग कोळशाची इस्त्री फिरवलेल्या कपड्यांवर. एका सकाळी हळदीच्या कडेनं काळा ठिपका दिसला. पुन्हा सुरी घेतली. कापत कापत गेले आणि शेवटी कापायला काही राहिलंच नाही.

त्या सगळ्या दिवसांत अंगणात एकच जागा कोरडी आणि उबदार होती. जावेच्या चुलीवरची फळी. तिथं ती टोपलीत सुकट ठेवते आणि ती पावसाळाभर कडकडीत राहते. मला ते ठाऊक होतं. मी विचारलं नाही. तिच्या दारात जाऊन वहिनी जरा जागा द्या म्हणण्यापेक्षा मला झाड गेलेलं चाललं. चाललं म्हणजे नंतर मी न्हाणीघरात जाऊन रडले, पण मागायला गेले नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसली मी आहे.

दिवाळीच्या फराळाची भांडी विहिरीवर घासताना मला राख हवी होती. आमचं बोलणं बंद असलं तरी राखेवर कुणाची मालकी नसते, म्हणून मी छपराखाली गेले. चुलीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, एक फुटकी मातीची तवली ठेवलेली होती. तिच्यात राख, कोळशाचे तुकडे आणि त्यावर एक हिरवी गोटी. अंगावर कडा, कडांवर काटे.

मी जमिनीवर बसलेच. फेकलेल्या बुंध्याची दोन पिल्लं होती, त्यातलं एक राखेत पडून कोरडं झालं होतं. वर पत्रा, शेजारी चूल, खाली राख. मला जे शेंड्यासाठी हवं होतं ते सगळं त्याला उकिरड्यावर मिळालं होतं. तवलीत कुणी ठेवलं हे विचारायची गरजच नव्हती. राख उचलताना तिच्या बोटाला काटा लागला असणार आणि पुन्हा कुणाच्या पायाला लागू नये म्हणून तिनं ते चिमट्यानं उचलून बाजूला ठेवलं असणार. एवढ्यात तीच मागून आली. मी बोलणं बंद असल्याचं विसरून म्हणाले, वहिनी, हे माझ्या वडिलांचं आहे, मी नेते.

"टाकलंस तेव्हा बापाचं नव्हतं, आता बापाचं झालं?" ती म्हणाली. "ठेव तिथंच."

मी ठेवलं. मग नवऱ्याला मध्यस्थीला पाठवलं. तो तासाभरानं परत आला तो सोलकढी पिऊन, आणि विषय काढायचं राहूनच गेलं म्हणाला. चोरून आणायचाही विचार केला. पण मागच्या अंगणात कावळा बसला तरी तिला आतून कळतं.

मग मी नुसती बघत राहिले. मला भीती होती म्हावऱ्याच्या पाण्याची. रोज सकाळी ती टोप घेऊन बाहेर यायची, नारळाला ओतायची, जास्वंदीला ओतायची, कढीपत्त्याला ओतायची, आणि माझा जीव मुठीत. पण तवलीपाशी आली की ती तोंड फिरवून पुढे जायची. शेजारणीला सांगताना मी ऐकलं, त्या अवदसेला मी थेंब घालणार न्हाय, जगलं तर जगलं. मला हसू आलं. माझ्या झाडावर तिनं माया केली आणि ते कुजलं. हे पिल्लू तिच्या डोळ्यात खुपत होतं, म्हणून त्याला कुणी पाणी पाजत नव्हतं. इथल्या हवेत जी काही ओल असते तेवढ्यावर ते वाढत गेलं. पहिल्या वर्षी पेरूएवढं, मग नारळाएवढं. वडिलांनीही त्याला याहून चांगलं सांभाळलं नसतं, आणि ही बाई तर त्याचा द्वेष करत होती.

मधल्या काळात आमचं बोलणं तुटक सुरू झालं. पाहुणे आले, गणपती आले, कुणी आजारी पडलं, की बोलावंच लागतं. यंदा मे महिन्यात एका सकाळी तिनं विहिरीपाशी उभं राहून मला हाक मारली.

"ये गो. तुझ्या बापाचं फूल बघ."

मी हातातलं काम टाकून गेले. छपराखाली त्या काळवंडलेल्या कोपऱ्यात लांब देठावर पांढरं फूल उभं होतं, वितीएवढं. गच्चीवरचं तेच फूल. माझे डोळे भरले आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. पण मग मी तिच्याकडे बघितलं. ती त्या फुलाकडे नातीकडे बघावं तशी बघत होती. तिच्या हातात टोप होता. त्यात बोंबील धुतलेलं पाणी होतं.

"एवढं फूल दिलं त्यानं," ती म्हणाली, "आणि मी मेली त्याला कधी पाण्याला विचारलं न्हाय. आता रोज घालत जाईन."

नको म्हणून उपयोग नव्हता. माझ्या नकोचं काय होतं ते मी एकदा बघितलं होतं. नको म्हटलं असतं तर तिनं थोडं जास्तच घातलं असतं. हात जोडले असते तर उद्या मी घरात नसताना घातलं असतं. विचार करायला वेळ नव्हता, टोप तिरका झाला होता. तिच्या वर्मी काय लागतं हे मला इतक्या वर्षांत चांगलं कळलंय.

मी म्हटलं, "घाला की. एकदा तुमच्या हातानं मेलंच आहे, आणखी एकदा मारा. हाताला गुण आहे म्हणे. कसला गुण? हे तुम्ही लावलेलं नाही, उकिरड्यावर आपलं आपण उगवलंय. माझ्या बापाची पुण्याई म्हणून फुललं."

टोप जागच्या जागी थांबला. तिचा चेहरा आधी काही कळत नसल्यासारखा झाला आणि मग लाल होत गेला. मला फूल दाखवायला ती आनंदानं आली होती, हे मला दिसत होतं. ती वळली, सगळा टोप कढीपत्त्याच्या मुळाशी रिकामा केला आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"मरू दे तुझ्या बापाचं झाड तहानेनं. आजपासून मी त्याच्याकडं बघणारबी न्हाय."

मला नेमकं हेच ऐकायचं होतं.

घरी येऊन चहा केला आणि मागच्या पायरीवर बसून घेतला. छपराखालच्या अंधारात फुलाचा पांढरा ठिपका तिथून जेमतेम दिसतो. वडील चहा घ्यायचे तसं त्याच्या शेजारी जाऊन बसता आलं नाही, याचं वाईट वाटलं. जावेच्या चेहऱ्याचंही वाटलं. ऊन चढलं, फुलानं मान टाकली, मी कप विसळून ठेवला.

तिचा राग फार टिकत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. श्रावण येईल, गणपती येतील, ती मोदक पाठवेल, मग हळूहळू बोलायला लागेल आणि एखाद्या सकाळी टोप घेऊन त्या कोपऱ्याकडे वळेल. म्हणून पुढचं भांडण कशावरून काढायचं, ते मी आत्ताच ठरवून ठेवलंय.